टेलिग्राम गटातील छायाचित्रांसाठी हलकी कॅशे सेवा: लॉक आणि सफाई यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार,

काटोल-नरखेड भागातील संत्रा बागायतदारांचा एक टेलिग्राम गट आम्ही नागपुरातून चालवतो. पानांवरची कोळशी, खोडावरचा डिंक्या, फळगळ, असे जे दिसेल त्याचे छायाचित्र शेतकरी गटात टाकतात आणि जाणकार उत्तर देतात. ही प्रश्नोत्तरे नंतरही शोधता यावीत म्हणून मी एक साधे संकेतस्थळ केले असून, बॉट (गटात आपोआप काम करणारा प्रोग्राम) प्रत्येक छायाचित्राची नोंद एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये करतो.

सुरुवातीची चूक माझीच होती. टेलिग्रामच्या 'गेटफाइल' या विनंतीवरून तयार होणारा फाइलचा दुवा मी थेट पानावर टाकला. तो किमान १ तास चालेल एवढीच हमी टेलिग्राम देते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पानावर रिकाम्या चौकटी उरल्या. त्याहून वाईट म्हणजे त्या दुव्यात बॉटचे टोकनच, म्हणजे त्याची गुप्त किल्लीच, असते, हे माझ्या उशिरा लक्षात आले. त्याच रात्री बॉटफादर या टेलिग्रामच्याच बॉटकडून टोकन बदलून घेतले.

मग पायथनची छोटी सेवा लिहून तिच्यापुढे एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची प्रॉक्सी कॅशे (एकदा आणलेल्या फाइलची प्रत जपून ठेवणारी सोय) लावली. मुदत ३० दिवसांची दिली होती, तरी चित्रे पुन्हा पुन्हा टेलिग्रामवरूनच येत होती. 'इनॅक्टिव्ह' या सेटिंगचे मूल्य आपण लिहिले नाही तर ते १० मिनिटे धरले जाते आणि तेवढ्या वेळात कोणी न मागितलेली फाइल मुदत शिल्लक असतानाही पुसली जाते, हे कळायला मला दोन दिवस लागले. ते मूल्य वाढवून काम भागले असते, पण ज्या छायाचित्रांना उत्तर मिळाले आहे ती कधीही पुसायची नाहीत असा आमचा नियम आहे, आणि तो एन्जिनएक्सला समजावण्याचा सरळ मार्ग मला दिसला नाही.

म्हणून आता टेलिग्राम फाइलला देते तो 'फाइल युनिक आयडी' हेच फाइलचे नाव ठेवून चित्रे साध्या फोल्डरमध्ये साठवतो. एन्जिनएक्स 'ट्राय फाइल्स' या सूचनेने आधी तिथे पाहतो आणि फाइल नसेल तरच विनंती पायथनकडे जाते. यंत्र म्हणजे घरातला जुना डेस्कटॉप आहे: ४ जीबी मेमरी, कॅशेसाठी २० जीबी जागा. (माहिती मेमरीतच ठेवणारे रेडिस सुचवणारे मित्र आहेत, पण एवढ्याशा मेमरीत छायाचित्रे कोंबण्यात मला अर्थ दिसत नाही.) मे महिन्यात डाउनलोड चालू असतानाच वीज गेली आणि एका चित्रात वर संत्र्याचे हिरवे पान, तर खाली नुसता करडा पट्टा राहिला. तेव्हापासून आधी त्याच डिस्कवर तात्पुरत्या नावाने फाइल लिहून, ती पूर्ण झाल्यावरच तिचे नाव बदलतो.

आता दोन ठिकाणी अडलो आहे.

पहिला प्रश्न लॉकचा. जाणकाराचे उत्तर आले की तीस-चाळीस जण एकाच वेळी तेच पान उघडतात. एकच चित्र एका वेळी एकानेच उतरवावे म्हणून लावलेले माझे लॉक पायथनच्या असिंकआयओचे आहे; ते एका प्रोसेसपुरतेच चालते आणि सेवा चालवणाऱ्या गनिकॉर्नचे वर्कर (वेगवेगळ्या प्रोसेस) तीन आहेत, त्यामुळे तेच चित्र तीनदा उतरवले जाते. एकच वर्कर ठेवावा असे वाटते, कारण बहुतेक वेळ नेटवर्कची वाट पाहण्यातच जातो. साध्या फोटोंचे लहान-मोठे आकार टेलिग्राम स्वतःच देते, तिथे काही करावे लागत नाही. मात्र काही जण फोटो 'फाइल' म्हणून पाठवतात, त्यांचा मधला आकार पिलो ही पायथनची चित्रांची लायब्ररी वापरून करावा लागतो, आणि तेवढा वेळ एकमेव वर्कर अडून राहील. अशा वेळी तीन वर्कर ठेवून आयडीगणिक फाइल-लॉक घ्यावे, की वर्कर एकच ठेवून पिलोचे काम वेगळ्या प्रोसेसकडे द्यावे?

दुसरा प्रश्न सफाईचा. उत्तर न मिळालेल्या चित्रांपैकी बरेच दिवस न पाहिलेली आधी काढायची आहेत. फाइल शेवटची कधी वाचली गेली ती वेळ लिनक्स 'रिलेटाइम' या सेटिंगमुळे साधारण दिवसातून एकदाच नोंदवते. तेवढे मला चालेल. अडचण वेगळी आहे. आयडी तोच असेल तर चित्र बदलत नाही, म्हणून मी ब्राउझरला वर्षभराची मुदत आणि 'इम्युटेबल' (न बदलणारे, पुन्हा विचारू नये) असे सांगितले आहे. परिणामी तोच शेतकरी तेच चित्र रोज पाहत असला तरी सर्व्हरला त्याचा पत्ता लागत नाही. चित्राऐवजी ते ज्या पानावर आहे त्या पानाच्या भेटी अॅक्सेस लॉगमधून (सर्व्हरकडे आलेल्या विनंत्यांच्या नोंदींतून) रोज रात्री मोजून त्यावर सफाई ठरवावी, असा माझा विचार आहे. असे कोणी प्रत्यक्ष चालवले असल्यास, त्यात कुठे फसगत होते हे कृपया सांगावे.