विषय : जुलैमध्ये मुलांसह सह्याद्रीत जाताना

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

आम्ही चार कुटुंबे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईला येत आहोत. मुले सात ते चौदा वर्षांची असून त्यांनी पावसाळ्यातला सह्याद्री पाहिलेला नाही. एक दिवस कान्हेरी लेण्यांसाठी आणि एक दिवस कर्जतच्या बाजूच्या एखाद्या धबधब्यासाठी राखून ठेवला आहे. इथे आम्ही नियमित डोंगर चढतो, परंतु तिकडच्या पावसाची सवय आता राहिलेली नाही. मुंबईला परतलेल्या सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

(न्यू जर्सीहून)

*

ताई, स. न. वि. वि.

धबधब्याबद्दल आधी लिहितो, कारण माझी खरी काळजी तीच आहे. काही वर्षांपूर्वी कर्जतजवळच्या एका वाडीपलीकडचा ओढा आम्ही सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडला होता आणि दुपारी परतताना तोच ओढा मांडीपर्यंत चढलेला होता. आम्ही होतो तिथे तासाभरात पावसाचा एक थेंबही पडला नव्हता, मात्र माथ्यावर ढग उतरले होते. पाणी चहासारखे लाल झाले होते आणि त्यातून पाने, काटक्या वाहत येत होत्या. पलीकडे गुरे घेऊन थांबलेल्या एका बाईंनी हात हलवत ओरडून सांगितले, ‘तिथंच बसा, पाणी उतरंल!’ आम्ही अडीच तास बसून राहिलो, पाणी उतरले आणि अंधार पडल्यावर लोकलने घरी आलो.

म्हणून आपल्या डोक्यावर ऊन आहे की पाऊस, यावर ओढ्याचा भरवसा ठेवू नये. पाणी गढूळ झाले, त्यातून पालापाचोळा येऊ लागला किंवा आवाज वाढला, की मुलांना लगेच काठावर, तेही उंच जागी न्यावे. सामान राहिले तरी चालेल. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हाही प्रवाहाच्या मधोमध खडकावर उभे असतानाच पाणी वाढले होते. मुलांना गुडघाभर वाहत्या पाण्यातही उतरवू नये, आणि धबधब्याच्या थेट धारेखाली कोणीच उभे राहू नये, कारण पाण्याबरोबर वरून दगडही येतात. पावसाळ्यात जिल्हाधिकारी अनेक धबधब्यांवर जाण्यास मनाई करतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करावी आणि मनाई असेल तर बेत सरळ रद्द करावा. माझे मत विचाराल, तर सात वर्षांच्या मुलांना घेऊन धबधब्याच्या पायथ्याशी जाण्याऐवजी तो समोरच्या रस्त्यावरून पाहणेच बरे.

कान्हेरीचा बेत उत्तम आहे. फक्त सोमवार टाळावा, कारण लेणी ज्यात आहेत ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान त्या दिवशी बंद असते. बोरिवलीच्या प्रवेशद्वारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. तिथल्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि तिकडच्या महागड्या बुटांचे झिजलेले तळवेही त्यावर घसरतात, तेव्हा निघण्यापूर्वी तळव्याची नक्षी तपासून घ्यावी. माकडांसमोर खाऊची पिशवी उघडू नये.

जीन्स घालू नये. भिजली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही. पाठपिशवीच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून त्यात कोरडे कपडे, पंचा आणि औषधे ठेवावीत. दमट हवेत घाम पुष्कळ जातो आणि पावसात तहान मात्र लागत नाही, म्हणून मुलांना ठरवून पाणी पाजत राहावे. घाटात ढग असले की संध्याकाळी लवकरच अंधारून येते. दुपारी दोनला जिथे असाल तिथून परत फिरावे.

(मुलुंडहून)

*

काका, मनापासून आभार. धबधबा लांबूनच पाहण्याचे आम्ही चौघांनी ठरवले आहे. जळवा आणि सापांचे काय करावे, तेवढे सांगाल का?

(न्यू जर्सीहून)

*

ताई, जळू ओढून काढू नये. नखाने तिचे तोंड त्वचेपासून बाजूला सारावे आणि जखम साबणाने धुवावी. रक्त थोडा वेळ वाहते, त्याने मुले घाबरतात, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवावे.

सापांसाठी पूर्ण पायांचे कपडे आणि घोटा झाकणारे बूट घालावेत, पायवाट सोडू नये आणि दिसणार नाही अशा कपारीत हात घालू नये. दंश झालाच, तर चिरू नये, चोखू नये, आवळून दोरी बांधू नये; तो अवयव हलू न देता माणसाला उचलून गाडीपर्यंत न्यावे आणि 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. डोंगरात फोनला रेंज नसते, म्हणून सर्पदंशावरचे प्रतिविष (अँटी-व्हेनम) असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वीच विचारून कागदावर लिहून ठेवावे. तो कागद गाडीच्या चालकाकडेही द्यावा.

(मुलुंडहून)