‘शीक’ दिसणे आणि मुंबईची हवा

महागड्या ब्रँडशिवाय ‘शीक’ (chic), म्हणजे सुबक आणि डौलदार, दिसता येत नाही, असे मत अनेकदा ऐकू येते; ते मला पटत नाही. या फ्रेंच शब्दात थाटापेक्षा सहजता आणि नेमकेपणा अधिक आहे. १९२६ मध्ये अमेरिकन ‘व्होग’ या फॅशन मासिकाने फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेलच्या साध्या काळ्या पोशाखाचे रेखाचित्र छापून त्याची तुलना फोर्ड मोटारीशी केली, ती तो पोशाख सर्वांना वापरता येईल असा होता म्हणूनच. सयाजीराव गायकवाडांच्या कन्या, कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी, यांच्यामुळे शिफॉनची साडी लोकप्रिय झाली. त्यांना पैशाची वाण नव्हती हे खरे, पण जड जरीऐवजी हलके, झुळझुळीत वस्त्र निवडण्यात त्यांची दृष्टी दिसते.

मुंबईच्या दमट हवेत तर ही दृष्टी फारच लागते. माझी आई अनेक वर्षे दादरहून लोकलने फोर्टमधल्या कचेरीत जात असे. तिच्याकडे मोजक्याच सुती साड्या होत्या, परंतु रविवारी खळ घालून, दोघींनी टोके धरून ताणून वाळवलेली ती साडी, एका पिनेने बसवलेला पदर आणि मुंढ्यात नेमके बसणारे ब्लाउज यांमुळे गर्दीतून उतरल्यावरही ती नीटनेटकी दिसे. ब्लाउज मनासारखे बसेपर्यंत ती शिंप्याकडे पुन्हा पुन्हा जाई. नवी साडी घेण्याआधी हातातले कपडे अंगाबरोबर बसवून घ्यावेत, असे मी आग्रहाने सुचवीन. सुरुवात खांद्यापासून करावी, कारण तिथे बिघडलेली शिवण पुढे झाकता येत नाही.