मदत हवी आहे: पेशीतलं तापमान मोजणाऱ्या पॉलिमरचं ताक झालंय

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.चं शेवटचं सत्र, मुक्काम सोलापूर. प्रोजेक्ट स्वतःच ओढवून घेतलाय: यीस्टच्या पेशीत चमकणारं पॉलिमर घालून आतलं तापमान मोजायचं.

तत्त्व साधं आहे. पॉली-एन-आयसोप्रोपिलअॅक्रिलअमाइडची साखळी गार पाण्यात पाणी धरून पसरलेली असते. ३२ अंशांच्या आसपास ती पाणी सोडून आक्रसते, आपल्याकडचा टेरी टॉवेल पिळावा तशी. तिला जोडलेला रंगरेणू पाण्यात मंद असतो, पाणी हटलं की उजळतो. टोकियो विद्यापीठाच्या ओकाबे-उचियामा मंडळींनी २०१२ मध्ये याच घराण्यातल्या पॉलिमरने पेशीचा तापमान-नकाशा काढला. केंद्रक बाकीच्या पेशीपेक्षा साधारण १ अंशाने गरम निघालं.

आता माझं रडगाणं. सिनियरने बनवून दिलेलं पॉलिमर डिस्टिल्ड वॉटरमध्ये छान वागलं. (बाहेर ४१, आणि आमच्या वॉटर बाथला थंड करायची सोयच नाही. २६ अंशांच्या रीडिंगसाठी सात रस्त्याच्या रसवंतीवरून बर्फ आणला. गाईडना सांगू नका.) बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या द्रावणात) टाकलं तर ३० अंश होता होता क्युव्हेट (मोजमापाची छोटी कुपी) ताकासारखं पांढरं! चमक आधी वाढते, मग धडपडत खाली येते.

हे मिठामुळे का? आणि पाण्यातला कॅलिब्रेशनचा आलेख पेशीसाठी चालेल का? आमच्याकडे चमकेची तीव्रता मोजणारा साधा स्पेक्ट्रोफ्लुरोमीटर आहे, लाइफटाइम (चमक किती वेळ टिकते ते) मोजायची सोय नाही.

प्रतिसाद:
मीठच. क्षारांमुळे आक्रसण्याचं तापमान खाली येतं आणि साखळ्या एकमेकींना चिकटून गोळे होतात. म्हणून तर साखळीत एकमेकांना दूर ढकलणारे प्रभारित तुकडे गुंफतात. तुम्ही धन प्रभाराचे घ्या, तसलं पॉलिमर यीस्टमध्ये आपणहून शिरतं.

पाण्यातला आलेख विसरा. आत पोटॅशियम आणि प्रथिनांची दाटी असते, तेव्हा यीस्टचा अर्क काढून त्यात आलेख घ्या. लाइफटाइम नाही तर तापमानाला दाद न देणारा दुसरा रंगरेणू त्याच साखळीत हवा. नाहीतर ज्या पेशीत पॉलिमर जास्त गेलं, ती उगाच गरम दिसणार.

त्या १ अंशावर फार विसंबू नका. एक पेशी १०० पिकोवॉट उष्णता सोडते आणि तिची त्रिज्या १० मायक्रॉन आहे असं धरून गणित करा, फरक अंशाच्या लाखाव्या भागाहूनही कमी येतो. संशोधक बाफू आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हाच आक्षेप घेतला होता. बाथ बदलला की पेशीतलं पॉलिमर कसं बदलतं, एवढं नीट दाखवलंत तरी प्रोजेक्ट झाला.

धागाकर्ता:
आभार दादा! प्रभारित मोनोमरसाठी (साखळीच्या सुट्या कडीसाठी) सिनियरच्या मागे लागतो. आणि एक गंमत. कालपासून क्युव्हेट गरम पाण्याने घासतोय, पांढरा थर हलेना. तुमचं वाचून उरलेल्या बर्फाच्या पाण्याने विसळलं, मिनिटात लख्ख.