संध्याकाळी सात ते नऊ

दारू कशी लागली आणि कशी सुटली, हे आपण मीटिंगमध्ये पुष्कळ बोलतो. इथे मला दुसरंच विचारायचंय. सुटल्यावर संध्याकाळचं काय केलंत?

सुरुवात माझ्यापासून. पुण्यात मुक्तांगणला पस्तीस दिवस राहिलो. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं हे व्यसनमुक्ती केंद्र. तिथे दिवस आखलेला असतो, डोकं चालवावं लागत नाही. घरी आलो, पहिल्याच सोमवारी सात वाजले आणि पाय आपोआप चपला शोधायला लागले. अठरा वर्षं या वेळी काय करायचं हे मला ठरवावंच लागलं नव्हतं! बायकोने न बोलता मेथीच्या दोन जुड्या आणि परात पुढ्यात ठेवली. हात थरथरत होते, पानांबरोबर देठही येत होते. निवडून झालं तेव्हा साडेआठ वाजले होते. मग रोजच निवडायला लागलो. महिनाभराने मुलगी म्हणाली, "बाबा, आता कोबी आणा ना."

तुमचं सांगा.

नाशिककर
संध्याकाळचं नंतर बघू, आधी जीव वाचवा. मी 'मनाचा निग्रह' म्हणून एका दिवसात बंद केली. रोजचा खंबा होता. तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा उतरायला लागल्या, वारलेले आजोबा दारात उभे. घरच्यांना बाहेरचं वाटलं, लिंबू उतरवून टाकलं. शेजारच्या नर्सबाईंनी ओळखलं आणि रिक्षात घातलं. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवली तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण ४८ ते ९६ तासांत हा भ्रम सुरू होतो. उपचार नाही मिळाले तर माणूस जातो. मला गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन आठवड्याने सोडलं. निग्रह हवाच, पण डॉक्टरांच्या समोर करा.

चार वर्षांपूर्वीची ती
मी पिणारी नाही, पिणाऱ्याची बायको. 'न सांगता दारू सोडवा' अशी जाहिरात बघून सासूबाईंनी पावडर आणली होती. आमटीत घालायचो. एका रात्री पिऊन आले, चेहरा लालबुंद, उलट्या, छाती धडधडतेय. पावडरीत काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. दारू सोडवायच्या डायसल्फिराम गोळीवर प्यायलं की असंच होतं, म्हणून ती पेशंटला सांगूनच द्यायची असते, हे मागाहून समजलं. स्वतःचीच लाज वाटली.

आता त्यांची सुटून चार वर्षं झाली. पण ते घरात शिरले की अजून मी विचारते, "दार नीट लावलंत का?" उत्तर द्यायला तोंड उघडलं की वास कळतो ना! त्यांना कधी समजलं कोण जाणे. परवा दारातच थांबले, वाकले आणि माझ्या तोंडावर "हाऽऽऽ" केलं. बडीशेप होती. दोघंही हसलो. मी मग मोरीत जाऊन रडले, ते वेगळं.

कोल्हापुरी
गटारीला मित्रांना 'लिव्हरचं औषध चालू आहे' असं सांगतो. खोटं आहे. मटण मात्र रेटून खातो.

वर्ध्याचा
आमच्या जिल्ह्यात १९७५पासून दारूबंदी. तरी मी वीस वर्षं प्यायलो, यात काय ते समजा. तेव्हा दुकान बंद झालं की आपली सुटेल, या भरवशावर राहू नका, भाऊ.

माझी संध्याकाळ ए.ए.ने, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेने भरली. तिथली एक गोष्ट मला फार पटते. १९३५चा मे महिना, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन गाव. ए.ए. सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक बिल, त्याचा सौदा फिसकटलेला, खिसा रिकामा, हॉटेलच्या लॉबीत एकटाच. एका बाजूला बारमधला गलका, दुसऱ्या बाजूला फोन. तो फोनकडे गेला आणि आपल्यासारखाच कुणी बेवडा भेटेल का, म्हणून फोन करत सुटला. दुसऱ्या दिवशी त्या दोघांतले दुसरे, डॉ. बॉब भेटले. लोक पुढची संघटना मोठी म्हणतात, मला लॉबीतली ती चार पावलं मोठी वाटतात. माझ्या स्पॉन्सरला, म्हणजे माझ्या आधी सोडलेल्या ए.ए.तल्या सोबत्याला, मी सातला फोन करतो. बहुतेक वेळा कापसाच्या भावावरच बोलतो.

पुन्हा पहिल्यापासून
लिहू की नको असं झालं होतं. चौदा महिने स्वच्छ होतो. वडिलांच्या तेराव्याला पाहुणे गेले, घर शांत झालं, चुलतभावाने चपटी काढली. दुःखामुळे प्यायलो असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर त्या दिवशी दुःखापेक्षा हायसंच जास्त वाटत होतं, आणि तेच सहन झालं नाही. पुढचे पाच आठवडे आठवत नाहीत. न पिता राहिल्याचं मेडल ड्रॉवरमध्ये आहे, फेकलं नाही.

आज अकरावा दिवस. आत्ता सात वाजून दहा मिनिटं झालीत. आईने कुकर लावून मला गॅसपाशी बसवलंय, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करायचा. दोन झाल्यात.