मदत हवी आहे: फ्लाइंग कोस्टरमधल्या (पालथं झोपवून नेणाऱ्या रोलर कोस्टरमधल्या) प्रेट्झेल लूपचा दाब किती जाणवतो?

ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओज जपानमधल्या 'द फ्लाइंग डायनासोर'मध्ये (2016) किंवा कॅलिफोर्नियातल्या 'टात्सू'मध्ये (2006) कुणी बसलंय का? पालथं झोपून, तोंड जमिनीकडे करून उडायचं, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते! धास्ती आहे ती फक्त प्रेट्झेल लूपची, म्हणजे रुळांच्या त्या मोठ्या उभ्या वळशाची. त्यात डोकं खाली करून सूर मारायचा आणि तळाशी पोचेपर्यंत आपण उताणे झालेलो असतो. सगळा भार पाठीवर येतो. टात्सूचा हा लूप तर तब्बल 38 मीटर उंच आहे.

त्या क्षणी श्वास घेता येतो का? मान सीटला टेकवूनच ठेवायची ना? पहिल्यांदा बसणाऱ्याने पुढची रांग घ्यावी की मधली? दोन्हींत बसलेल्या कुणी तुलना करून सांगितलं तर फारच बरं होईल.