लाल क्रॉसचं विमान पाडणं बरोबर होतं का? (इंग्लिश खाडी, जुलै १९४०)

जुनापुराणा
९ जुलै १९४०, दुसरं महायुद्ध. हाइंकेल ५९ नावाचं जर्मन विमान, एकावर एक दोन पंख, खाली होडीसारखे फ्लोट. अंगभर पांढरा रंग, लाल क्रॉस, मुलकी नोंदणी डी-एएसयूओ. काम एकच, समुद्रात पडलेले वैमानिक उचलून आणणं. ब्रिटिशांच्या ५४ स्क्वाड्रनच्या (हवाई तुकडीच्या) स्पिटफायर लढाऊ विमानांनी त्याला इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या गुडविन सँड्सच्या वाळूवर उतरवलं आणि वॉल्मरच्या लाइफबोटीने ओढत डीलच्या किनाऱ्याला आणलं. आत लॉगबुक मिळालं, त्यात ब्रिटिश व्यापारी ताफे कुठे आहेत आणि कुठल्या दिशेने चाललेत याच्या नोंदी. १४ जुलैला ब्रिटिश हवाई मंत्रालयाने जाहीरच करून टाकलं की अशी विमानं दिसली तर पाडली जातील.

माझं मत: लॉगबुक हे निमित्त. चर्चिलने पुढे आठवणींत जे लिहिलं त्याचा रोख वेगळाच आहे. हे वैमानिक परत येऊन आमच्या नागरिकांवर बॉम्ब टाकणार, म्हणून ही सोय आम्हाला मान्य नव्हती, असा. हेरगिरी हे कारण धरलं तर दोष त्या विमानापुरता. पण ‘वाचलेला माणूस पुन्हा लढेल’ हे कारण धरलं, तर जगातली कुठली रुग्णवाहिका सुरक्षित राहते?

तिरकस
साफ असहमत. कुठल्या रुग्णवाहिकेच्या डोक्यावर मेसरश्मिट १०९ ही लढाऊ विमानं घिरट्या घालतात हो? त्या दिवशी संरक्षणाला ती होतीच. स्पिटफायरवाल्यांचा म्होरक्या अ‍ॅलन डीअर त्या मेसरश्मिटपैकीच एकावर समोरासमोर आदळला, प्रोपेलर वाकला, कसाबसा जमिनीवर टेकला.

आणि काळ बघा. फ्रान्स पडून महिनासुद्धा झालेला नाही. ब्रिटनच्या आकाशातल्या त्या लढाईत तुटवडा होता तो शिकलेल्या वैमानिकांचा. इंग्लंडातल्या केंटच्या शेतात हवाईछत्रीने उडी मारलेला इंग्रज संध्याकाळपर्यंत आपल्या तळावर हजर, तिथेच पडलेला जर्मन कैदेत. मधल्या पाण्यात पडलेला तेवढा जर्मनांना परत मिळायचा, या विमानांमुळे. पंच्याऐंशी वर्षांनी चहा पीत नीतिमत्ता शिकवणं सोपं आहे.

वकीलबाई
दोघेही अर्धवट बरोबर. १९२९ च्या जिनिव्हा कराराच्या १८ व्या कलमात वैद्यकीय विमानांना संरक्षण आहे. पण ते विमान फक्त जखमी-आजारी माणसं आणि वैद्यकीय माणसं-सामान नेण्यासाठी राखलेलं हवं, आघाडीवरून किंवा शत्रूच्या हद्दीवरून खास परवानगीशिवाय उडता कामा नये, आणि उतरायला सांगितलं की उतरलं पाहिजे. धडधाकट वैमानिक पाण्यात तरंगतोय, तो ‘जखमी’ की नाही? जहाजांच्या बाबतीत उत्तर आधीच होतं. १९०७ च्या हेग करारात रुग्णालय-जहाजांच्या कामात बुडणारे लोकही धरलेत. विमानांसाठी तसं कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. जर्मनांनी रंग दिला आणि मान्यता गृहीत धरली.

खलाशी रत्नागिरीकर
कायद्यातलं मला फार कळत नाही. बावीस वर्षं मालवाहू बोटींवर काढली. पाण्यात माणूस दिसला की आधी बाहेर काढायचा, कुठला कोण ते नंतर. एवढंच येतं.

एक मात्र कुणी बोललं नाही. त्या उन्हाळ्यात ब्रिटिशांकडे स्वतःच्या वैमानिकांना समुद्रातून काढायची धड व्यवस्था नव्हती. वेगळं खातं उघडलं ते १९४१ मध्ये. जर्मन वैमानिकाकडे फुगवायची छोटी होडी असायची, पाणी रंगवायची पूड असायची. ब्रिटिश वैमानिक तर फक्त जाकीट घालून हाकेची वाट बघत बसलेला. पुढे ब्रिटिशांनी या दोन्ही गोष्टी उचलल्याच की! आणि ही पांढरी विमानं बुडणाऱ्या इंग्रजांनाही काढत होती.

तिरकस
काढत होती, कैद करायला.

खलाशी रत्नागिरीकर
कैदी जिवंत असतो हो साहेब. त्याच्या घरी पत्र जातं.

जुनापुराणा
वकीलबाई, धन्यवाद. हेगचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, पटला.

तिरकसराव, एक तारीख बघा. १ जुलैलाच इंग्लंडातल्या संडरलँडच्या समोर समुद्रावर ७२ स्क्वाड्रनने असंच एक पांढरं हाइंकेल पाडलं होतं, डी-एएसएएम. म्हणजे लॉगबुक हाती लागायच्या आठ दिवस आधी. मंत्रालयाच्या फतव्यानंतर झालं काय, तर जर्मनांनी पांढरा रंग पुसून ती विमानं इतर लष्करी विमानांसारखी रंगवली आणि बंदुका चढवल्या. उडायची थांबली नाहीतच.

तिरकस
त्या १ जुलैच्या विमानातल्या चौघांना पाण्यातून कुणी काढलं, ते सोयीस्करपणे गाळलंत. ब्रिटिश युद्धनौकेने काढलं. विमान पाडायचं, माणसं वाचवायची. माझं म्हणणं याहून वेगळं नाही.

खलाशी रत्नागिरीकर
आणि त्या वेळी विमानात आधीच उचललेले दोन-चार जण पट्ट्याने बांधून झोपवलेले असते तर?