पैसा आला, पण कोणाच्या घरात?

'शेल गॅसमुळे (खोल खडकात अडकलेल्या नैसर्गिक वायूमुळे) अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली खेडी मालामाल झाली' हे विधान अर्धंच खरं आहे. अमेरिकेत जमिनीखालच्या वायूवर खासगी मालकी असू शकते, आपल्यासारखी फक्त सरकारची नाही. त्यामुळे ब्रॅडफर्ड, सस्क्वेहाना या तिथल्या काउंट्यांत (जिल्ह्यांत) ज्यांच्याकडे शेत आणि खालच्या वायूचे हक्क दोन्ही होते, त्यांना कंपनीशी करार करताना बोनस मिळाला, निघालेल्या वायूच्या किमतीतला वाटा म्हणजे रॉयल्टीही मिळाली. पण कित्येक शेतांखालचे हक्क आधीच्या पिढ्यांनी विकून टाकले होते. त्या घरांच्या वाट्याला नुसते ट्रक, धूळ आणि रात्रभरचा आवाज. भाडेकरूंचं तर विचारूच नका! बाहेरून आलेल्या कामगारांमुळे घरभाडी भडकली, आणि भाडेकरूंना रॉयल्टी कुठली?

रॉयल्टीतही मेख आहेच. राज्याचा कायदा किमान साडेबारा टक्के देतो, पण वायू गोळा करून बाजारात पोचवण्याचा खर्च आधी वजा करायला राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना २०१० मध्ये मुभा दिली. मग चेक आटतो (वजावटीचा हिशेब शेतकऱ्याने तपासायचा तरी कसा?).

२०१२ पासून राज्य वायूच्या दर विहिरीमागे कंपन्यांकडून शुल्क घेतं आणि त्यातला मोठा वाटा स्थानिक संस्थांना जातो, हे मान्य. मात्र विहीर जुनी होते तसं तेही घटत जातं.